बालाघाटातील जीप आणि परक्या कामाचे इंजिन

१. प्रश्नाचे स्वरूप

यंत्राचा इतिहास लिहिणारा बहुधा दोन प्रश्नांपाशी थांबतो : ते यंत्र कोणी शोधून काढले आणि ते प्रथम कोठे तयार झाले. एका कामासाठी घडविलेले यंत्र त्या कामावरून उठून दुसऱ्या कामास केव्हा लागले आणि का लागले, हा तिसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः सामान्य माणसाच्या जीवनाशी ज्याचा संबंध पोचतो तो हाच तिसरा प्रश्न होय. शोध परदेशात लागतो आणि कारखाना मुंबई-पुण्यास निघतो. परंतु यंत्राची बदली मात्र गावाच्या गरजेप्रमाणे होते.

दगडधोंड्यांच्या वाटेवरून चढण्यासाठी वापरावयाच्या गाडीस कोणते इंजिन बसवावे, हा असाच एक बदलीचा प्रश्न आहे. अमेरिकेत तो हौशी लोकांचा प्रश्न ठरला. केवळ खडक चढण्यासाठी सांगाडेवजा गाड्या बांधणे हा तेथे एक खेळच झाला असून, त्यांत भलत्याच यंत्राचे इंजिन बसविण्याची चढाओढ असते. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात या प्रश्नास खेळाचे स्वरूप कधीच नव्हते. येथे गाडी खडकावर न्यावी लागे, कारण वाट खडकातूनच जात असे. प्रस्तुत लेखात या पट्ट्यातील जीपगाडीच्या इंजिनाचा विचार करावयाचा आहे. त्याकरिता कारखान्यांच्या इतिहासातील प्रसिद्ध घटना आणि बोलीतील शब्द अशी दोन प्रकारची साधने वापरली आहेत. दुसऱ्या साधनाविषयी इतिहासाच्या अभ्यासकास शंका वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या कारागिरांनी ही इंजिने चालती ठेवली त्यांनी मागे कागद ठेवलेला नाही, त्यांनी ठेवले आहेत ते शब्द.

२. भूमी आणि वाट

बीड जिल्ह्याची उत्तर सीमा गोदावरीने आखली आहे. तिच्या काठचा गेवराई-माजलगावचा प्रदेश सखल व काळ्या जमिनीचा. दक्षिणेकडे व पश्चिमेकडे बालाघाटाची रांग पसरली आहे. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, केज व अंबाजोगाई हे तालुके कमीअधिक प्रमाणात या रांगेच्या अंगावर वसलेले आहेत. मांजरा नदी याच डोंगरांत उगम पावते. हा सर्व खडक काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टाचा आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो बनल्यामुळे डोंगरांस पायऱ्यापायऱ्यांचा आकार आला. भूशास्त्रज्ञ या खडकाच्या रचनेस ‘ट्रॅप’ म्हणतात. तो शब्द जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. आपल्या ‘घाट’ शब्दातही नदीकाठच्या पायऱ्या आणि डोंगराची चढण हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. दोन दूरच्या भाषांनी एकाच भूरूपाकडे पाहताना पायरीचीच कल्पना योजावी, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. कारण पायरी चढणे हेच येथील वाहनापुढचे मुख्य काम होते.

या जिल्ह्यात परळी वैजनाथास निजामी अमदानीपासून आगगाडी होती. परंतु बीड शहरास रेल्वे पोचण्यास २०२५ सालचा सप्टेंबर उजाडावा लागला. हैदराबाद संस्थानात रेल्वेच्या वाहतूक खात्याने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी मोटारवाहतूक सुरू केली. संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. या काळात मुख्य रस्त्यांवर सरकारी बस धावू लागली. तथापि मांजरसुंब्याचा किंवा धारूरचा घाट ओलांडून फाट्यावर उतरलेल्या माणसास गाव गाठण्यासाठी पुढे बैलगाडी किंवा स्वतःचे पाय एवढीच साधने होती. १९७२ च्या दुष्काळात व त्यानंतर रोजगार हमी योजनेखाली खडी फोडण्याची व रस्ते घालण्याची कामे निघाली. त्या कामांनी मुरमाचे कच्चे रस्ते अनेक वाड्यांपर्यंत नेले. अशा रस्त्यावर बस जात नसे, परंतु जीप जाऊ शके. जीपच्या इतिहासाची खरी सुरुवात येथे या रस्त्यांपासून धरावी लागते.

३. ओढ आणि धाव

इंजिनाच्या निवडीचा विचार करण्यापूर्वी एक भेद स्पष्ट करणे अवश्य आहे. इंजिनाचे सामर्थ्य दोन प्रकारांनी मोजतात. ठराविक वेळात ते किती काम उरकते ते अश्वशक्तीने सांगतात. दांड्यास ते किती जोराने पीळ देते ते टॉर्कने सांगतात. ग्रंथांतून हा भेद समजावून देण्यास गणित लागते. आपल्या शेतकऱ्यास तो बैलाच्या पारखीमुळे आधीच ठाऊक होता. ज्या बैलाकडून धावेची अपेक्षा असे तो खिल्लार. चिखलात रुतलेली गाडी किंवा खोल नांगर ओढावयाचा तर मराठवाड्यातील देवणी अथवा लाल कंधारी. ‘ओढ’ आणि ‘धाव’ या दोन गुणांस त्याच्या बोलीत दोन निराळे शब्द होते. पुढे इंजिन आले तेव्हा हेच शब्द त्यास लागू झाले. चढावर गाडी दबू लागली म्हणजे ‘गाडीला ओढ नाही’ असे म्हणतात. ‘धाव नाही’ असे कोणी म्हणत नाही. टॉर्क या पारिभाषिक शब्दाला मराठीत प्रतिशब्द शोधण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले आहेत. परंतु गाडीवानाने तो कधीच शोधून ठेवला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

खडकावरील वाहनास धाव नको, ओढ हवी. त्यातही ती इंजिन मंद फिरत असताना मिळावयास हवी. कारण वेगाने आलेले चाक दगडावर आपटून उडते, सावकाश आलेले चाक दगड कवळून वर चढते. विलीज कंपनीच्या सीजे-३बी जातीच्या जीपचे उदाहरण घेऊ. तिचा पहिला गिअर सुमारे २.८ पट, चारही चाकांस जोडणाऱ्या पेटीतील मंद गिअर सुमारे २.४६ पट आणि आसावरील दंतचक्रे सुमारे ५.३८ पट वेग कमी करतात. या तिघांचा गुणाकार सदतीस येतो. म्हणजे इंजिनाचे सदतीस फेरे होतात तेव्हा चाकाचा एक फेरा होतो आणि ओढ, घर्षणाची घट सोडली तर, सदतीसपट वाढते. चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर धरला, तर इंजिन मिनिटास १,००० फेरे घेत असताना गाडी ताशी साडेतीन किलोमीटरांच्या आसपास चालते. ही गती ओझ्याच्या बैलगाडीची आहे. बालाघाटात जीपने बैलगाडीची जागा घेतली असे आपण म्हणतो. अवघड जागी तिने बैलाची चालही घेतली होती.

४. विहिरीवरील इंजिन

बीडच्या खेड्यात इंजिन प्रथम आले ते रस्त्याने नव्हे, विहिरीच्या वाटेने. साताऱ्यास धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३० नंतरच्या दशकात डिझेल इंजिने बनू लागली. पुण्यास खडकी येथे किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली स्थापन झाली. इंग्लंडातील लिस्टर कंपनीच्या मंदगती इंजिनाच्या नकला राजकोट येथे मोठ्या प्रमाणावर तयार होऊन देशभर गेल्या. या यंत्रांनी मोटेची जागा घेतली, पिठाची गिरणी चालविली आणि उसाचा चरक फिरविला.

या घडामोडीचा ठसा बोलीवर स्पष्ट उमटला आहे. शहरी मराठीत ‘मोटार’ म्हणजे रस्त्यावर धावणारी गाडी. खेड्यात वीज आल्यावर मात्र ‘मोटार’ म्हणजे विजेचा पाणीउपसा पंप हा अर्थ प्रबळ झाला, आणि ‘इंजिन’ म्हणजे तेलावर चालणारा पंप. ‘मोटार चालू कर’ हे वाक्य ऐकून पुण्याचा माणूस रस्त्याकडे पाहील, बीडचा माणूस विहिरीकडे. ‘मोट’ आणि ‘मोटार’ यांचा व्युत्पत्तीच्या दृष्टीने काही संबंध नाही. तथापि एकाच विहिरीवर एकीच्या जागी दुसरी आली आणि ध्वनिसाम्यामुळे ती तेथे परकी वाटली नाही, एवढे म्हणता येईल. मुद्दा हा की, या भागातील माणसाच्या मनात इंजिनाचे घर शेत हे होते. इंजिन दुरुस्त करणारा ‘मिस्त्री’ही तेथेच तयार झाला. हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला असून त्याचा मूळ अर्थ कामातील उस्ताद असा आहे. सुतार, गवंडी यांच्या प्रमुखास लागणारा हा मान डिझेल इंजिनाच्या जाणकारास मिळाला, यावरून गावात त्याचे स्थान काय होते ते कळते.

लिस्टर पद्धतीचे एक-सिलिंडरी इंजिन मिनिटास ६५० फेऱ्यांवर ६ अश्वशक्ती देते. विलीज जीपचे पेट्रोल इंजिन ४,००० फेऱ्यांवर ७० ते ७५ अश्वशक्ती देते. शक्तीत सुमारे बारापट अंतर आहे. आता ओढ पाहू. पहिल्याची ओढ हिशेबाने सुमारे ६६ न्यूटन-मीटर येते. दुसऱ्याची २,००० फेऱ्यांवर सुमारे १५५ न्यूटन-मीटर दिलेली आहे. येथे अंतर अडीचपटीहूनही कमी भरते. विहिरीवरच्या ठोकळ्याकडे पाहून ज्यांस तो दुबळा वाटतो त्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

असे असता हे इंजिन सरळ गाडीवर का चढविले नाही, हा प्रश्न साहजिक आहे. इतरत्र ते चढविले गेलेही. पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश व राजस्थान या भागांत पंपाचे इंजिन लाकडी किंवा लोखंडी गाड्यावर बसवून ‘जुगाड’ नावाचे वाहन रूढ झाले. सौराष्ट्रात मोटारसायकलचा पुढचा भाग घेऊन त्यास डिझेल इंजिन व मागे दोन चाकांची गाडी जोडली, आणि त्या वाहनास ‘छकडा’ हे बैलगाडीचेच जुने नाव मिळाले. बालाघाटात असे वाहन रूढ झाले नाही. ‘जुगाड’ हा शब्दसुद्धा मराठीत हिंदीतून आला, आणि आला तोही ‘युक्ती’ या व्यापक अर्थाने. वाहनाचे नाव म्हणून तो येथे स्थिरावला नाही.

याचे एक कारण भूमीत सापडते. उत्तरेकडील मैदान सपाट आहे. तेथे एकाच गतीने फिरणारे, जड चाकांचे इंजिन चालून जाते आणि ब्रेक कच्चा असला तरी गाडी उतारावर सुटत नाही. घाटात मात्र वर चढताना मंद गिअर हवा आणि खाली उतरताना भरवशाचा ब्रेक हवा. काही क्विंटल वजनाचे कंप पावणारे इंजिन मोकळ्या चौकटीवर बांधून पायऱ्यापायऱ्यांच्या वाटेने नेणे म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून येथे इंजिनाची बदली लोहाराच्या शाळेत झाली नाही. ती आधी मुंबईच्या कारखान्यात झाली आणि मग गावास आली.

५. शेताचे इंजिन जीपमध्ये

महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे सीजे-३बी या नमुन्याचे उत्पादन येथे दीर्घकाळ चालू राहिले. या गाडीचे इंजिन ‘हरिकेन’ नावाचे, सुमारे २,२०० घनसेंटिमीटर क्षमतेचे, पेट्रोलवर चालणारे होते. पूर्वीच्या इंजिनापेक्षा ते उंच असल्यामुळे गाडीचे बॉनेट उंच करावे लागले. भारतीय जीपचे ते ओळखीचे उंच कपाळ म्हणजे इंजिनाच्या निवडीने गाडीच्या चेहऱ्यावर उमटविलेली खूण होय.

सरकारी खात्यांस पेट्रोलची जीप परवडत होती. खेड्यातील मालकास ती परवडेना. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव चढले आणि करांच्या रचनेमुळे डिझेल पेट्रोलहून स्वस्त राहिले. त्याच वेळी एक योग जुळून आला. महिंद्र, अमेरिकेतील इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून १९६३ साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन केली होती. ब्रिटनमध्ये विकसित झालेला बी-२७५ हा ट्रॅक्टर ती मुंबईत बनवीत असे. ही कंपनी १९७७ साली महिंद्र कंपनीत विलीन झाली. या ट्रॅक्टरचे चार सिलिंडरांचे, सुमारे २,३५० घनसेंटिमीटरांचे डिझेल इंजिन १९७० च्या दशकात जीपमध्ये बसविण्यात आले. नांगर ओढण्यासाठी घडविलेले इंजिन अशा रीतीने माणसे वाहू लागले.

मोटारशास्त्राच्या दृष्टीने हा विवाह विजोड होता. इंजिन जड, त्याचा कंप व आवाज मोठा, वेग कमी आणि पुढच्या आसावर भार अधिक. डांबरी रस्त्यावर या उणिवा डाचत. परंतु खडकाळ चढावर तिच्यातील प्रत्येक उणिवेच्या पाठीशी एक गुण उभा राहतो. ट्रॅक्टरचे इंजिन मंद फिरतानाच भरपूर ओढ देते. त्यातील गव्हर्नर हा नियामक फेऱ्यांची गती स्वतः सांभाळतो. दगड आडवा येऊन ओझे वाढले की तो आपोआप अधिक तेल सोडतो. पेट्रोल इंजिनातील कार्ब्युरेटरच्या कुंडीतील तेल गाडी तिरपी झाली की हलते आणि इंजिन गुदमरते; डिझेल इंजिनात तेल पंपाने दाबून सोडले जात असल्याने तिरपेपणाचा तसा परिणाम होत नाही. त्यास ठिणगीचीही गरज नाही. म्हणून ओढ्यातून जाताना पाणी उडाले तरी वायरी भिजून ते बंद पडत नाही.

तथापि माझ्या मते निर्णायक कारण याहून निराळे आहे. ज्या इंजिनाची जात मिस्त्रीस ठाऊक होती ते इंजिन टिकले. नोझल, लायनर, पिस्टनच्या रिंगा, तेलाचा पंप ही नावे ट्रॅक्टरबरोबर तालुक्याच्या गावी आली होती. सुटे भाग तेथील दुकानात मिळत होते. ‘इंजिन उतरविणे’ आणि ‘इंजिन बांधणे’ हे दोन वाक्प्रचार पाहावेत. पहिल्यात ते गाडीतून खाली घेतात, दुसऱ्यात सर्व भाग सुटे करून, झिजलेले बदलून, पुन्हा जुळवितात. बांध बांधावा, घर बांधावे, त्याप्रमाणे इंजिन बांधावयाचे. यंत्र हे विकत घेऊन संपणारी वस्तू नसून वेळोवेळी पुन्हा उभारावयाची वस्तू आहे, ही समजूत त्या क्रियापदात साठलेली आहे. ज्यास जीपचे इंजिन ‘बांधून’ मिळणार नाही त्याने ती घेऊन करावयाचे काय ? वाहन निवडताना मालक गाडीपेक्षा मिस्त्रीची निवड करीत असतो, असे यावरून अनुमान निघते.

६. शहरातील टॅक्सीचे इंजिन डोंगरात

ट्रॅक्टरच्या इंजिनानंतर दुसरी बदली उलट दिशेने झाली. महिंद्र कंपनीने १९७९ साली फ्रान्समधील प्यूजो कंपनीशी करार करून एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन घेतले. त्याच्या नावातच त्याचे माप आहे : सिलिंडर ४ आणि त्यांचा व्यास ९० मिलिमीटर. क्षमता २,११२ घनसेंटिमीटर. हे घराणे फ्रान्समध्ये प्यूजोच्या मोटारींत वापरले जात होते. इकडे पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने जर्मनीतील मर्सिडीझ कंपनीचे ओएम ६१६ हे सुमारे २,४०० घनसेंटिमीटरांचे इंजिन आपल्या वाहनांत आणले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिची ‘ट्रॅक्स’ ही गाडी निघाली आणि तिच्यातही हेच इंजिन होते. युरोपातील शहरांत टॅक्सी म्हणून मान्यता पावलेल्या मर्सिडीझ २४० डी या मोटारीचे ते इंजिन. हँबुर्गच्या रस्त्यांवर दोन-तीन उतारूंस नेणारे इंजिन बालाघाटात पंधरा माणसे, त्यांची गाठोडी आणि कोंबड्यांच्या पाट्या वाहू लागले.

‘टेम्पो’ हे मूळ हँबुर्गच्या कारखान्याचे व्यापारी नाव. बजाज टेम्पो १९५८ साली त्याच्या सहकार्याने निघाली आणि मराठीत मालवाहू छोट्या गाडीस ‘टेम्पो’ हे सामान्यनाम मिळाले. कंपनीने २००५ साली आपले नाव फोर्स मोटर्स केले, परंतु भाषेने ते बदलले नाही. ‘जीप’चेही तेच झाले. उतारू वाहणाऱ्या अशा गाड्यांस मराठवाड्यात ‘काळी-पिवळी’ म्हणतात. या नावात ना कारखाना आहे, ना इंजिन. परवान्याचा रंग तेवढा आहे. उतारूस गाडीच्या जातीशी कर्तव्य नव्हते, ती मिळते की नाही एवढाच त्याचा प्रश्न होता. इंजिनाचा भेद मालक, चालक आणि मिस्त्री या तिघांपुरता राहिला आणि म्हणूनच तो लेखी इतिहासातून निसटला.

७. अन्य देशांतील समांतर उदाहरणे

बीडमधील ही घटना एकाकी नाही हे दाखविण्यासाठी बाहेरची काही उदाहरणे द्यावयास हवीत. ब्रिटनमध्ये १९४८ साली निघालेल्या लँड रोव्हरमध्ये रोव्हर मोटारीचे १.६ लिटरचे इंजिन होते. शेतावर जावयाचे वाहन शहरी मोटारीच्या इंजिनावर उभे राहिले. जर्मनीतील युनिमॉग हे वाहन शेतकामासाठी कल्पिलेले. १९४८ मध्ये त्याचे उत्पादन सुरू झाले आणि त्यास मर्सिडीझचे २५ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन मिळाले, जे प्रवासी मोटारीतही वापरले गेले. खुद्द अमेरिकेत १९६० च्या दशकात सीजे-५ जीप ब्रिटिश पर्किन्स कंपनीच्या डिझेल इंजिनासह मिळत असे. पर्किन्सचे नाव त्या काळी मुख्यतः ट्रॅक्टर व कारखान्यांतील यंत्रे यांच्याशी निगडित होते.

अमेरिकेतील खडक चढण्याच्या छंदाचे एक उगमस्थान म्हणून कॅलिफोर्नियातील रुबिकॉन वाटेवर १९५३ साली भरलेल्या जीपमेळाव्याचा उल्लेख करतात. त्यानंतरच्या दशकात फोक्सवॅगनच्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनावर वाळूत चालणाऱ्या हलक्या बग्ग्या बांधल्या गेल्या. पुढे खडकाच्या गाड्यांत आठ सिलिंडरांच्या भल्या मोठ्या इंजिनांपासून छोट्या मोटारींच्या डिझेल इंजिनांपर्यंत सर्व काही बसवून पाहण्यात आले. गोव्यात २०१४ पासून भरणाऱ्या रेन फॉरेस्ट चॅलेंज या स्पर्धेत चिखल व दगड यांतून गाड्या नेण्याचे कौशल्य पाहिले जाते. तेथे जीप आणि जिप्सी या गाड्या फेरफार करून उतरविल्या जातात. या स्पर्धकांच्या आणि बीडच्या जीपमालकाच्या निवडीत यंत्रशास्त्राचे तत्त्व एकच आहे : मंद गतीत ओढ. परंतु निवडीचा हेतू भिन्न आहे. हौशी माणूस इंजिन बदलतो तेव्हा नवल हेच त्याचे भूषण असते. बीडच्या मालकास नवल नको होते. त्यास ओळखीचे हवे होते. म्हणून ज्यास बाहेरचा अभ्यासक ‘विलक्षण निवड’ म्हणेल ती त्या जागी सर्वांत साधी निवड ठरते. पेट्रोलचे हरिकेन इंजिनच बालाघाटात विलक्षण होते.

८. एक आक्षेप

या विवेचनावर असा आक्षेप घेता येईल की, येथे गरिबीस गुण म्हणून रंगविले आहे. आक्षेप दुर्लक्षणीय नाही. जादा उतारू भरलेली जीप घाटात दरीत गेली म्हणजे मिस्त्रीच्या कौशल्याचे कौतुक कोण ऐकेल ? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीपत्रात नमूद केलेल्या वाहनात मनास येईल तसा फेरफार करण्यास मज्जाव करते. जुगाड गाड्याही मोटार वाहनेच असून त्यांस हा कायदा लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले. आणि कारखान्याने दिलेल्या रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, अशी भूमिका त्याने २०१९ साली घेतली. मागील बाकावर बसणारी म्हातारी, शाळेत जाणारी मुले आणि कोयता घेऊन ऊसतोडीस निघालेली जोडपी यांच्या जिवाचा विचार करता या नियमांची आवश्यकता मान्यच करावी लागते.

परंतु इतिहासकाराचे काम समर्थन करणे हे नव्हे. घडले ते का घडले हे सांगणे होय. लोक जीपच्या पाठीमागे लोंबकळत गेले, कारण दुसरे वाहन नव्हते. मालकाने जड इंजिन पसंत केले, कारण हलके इंजिन दुरुस्त करणारा जवळ नव्हता. धोका इंजिनाच्या जातीत नव्हता, तो वाहनांच्या दुर्मिळतेत होता. कायद्याने गाडीची रचना नियमित केली. वाडीपर्यंत दुसरी गाडी पोचविणे हे त्याच्या हातचे नव्हते.

९. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, बालाघाटाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या भूमीने वेगापेक्षा ओढीस महत्त्व दिले आणि ती ओढ प्रथम शेताच्या इंजिनात सापडली. दुसरी, उत्तरेत लोहाराने जे केले ते येथे कारखान्याने केले. घाटामुळे गिअर व ब्रेक यांची गरज तीव्र होती आणि मुंबई-पुण्यास ट्रॅक्टर व जीप बनविणारे कारखाने होते. तिसरी, कोणते इंजिन टिकेल हे अखेर त्याच्या अश्वशक्तीवर ठरले नाही; ते दुरुस्तीच्या विद्येवर ठरले.

ही विद्या आता ओसरणीस लागली आहे. भारतात एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या धूरनियंत्रणाच्या निकषांनंतरची डिझेल इंजिने संगणकाच्या आज्ञेने तेल सोडतात. त्यांतील बिघाड पान्याने किंवा कानाने कळत नाही. त्यासाठी कंपनीचे उपकरण जोडावे लागते. धूर कमी झाला हे निःसंशय हिताचे. पण आवाज ऐकून कोणता सिलिंडर मारत नाही ते सांगणारा, तळहातावर नोझलची फवारणी पारखू नये हे शिकाऊ पोरास पहिल्याच दिवशी बजावणारा मिस्त्री यापुढे तयार होण्याचे कारण उरलेले नाही. त्याच्याबरोबर ओढ, दम, बांधणे, उतरविणे, हँडल मारणे या शब्दांचे यंत्रविषयक अर्थही जातील. शब्दकोशांनी ते बहुधा नोंदविलेले नाहीत, कारण कोशकार ग्रंथांतून शब्द वेचतो आणि मिस्त्री ग्रंथ लिहीत नाही.

आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधासाठी विषय शोधताना ताम्रपट आणि बखरींकडे वळतात, ते योग्यच आहे. तथापि बीड, पाटोदा, आष्टी, धारूर येथील गॅरेजांतून अजून काही वृद्ध कारागीर बसलेले आढळतील. कोणते इंजिन कोणत्या साली कोणत्या गाडीत बसले, सुटा भाग कोठून येई, बिघाडास ते कोणते नाव देत, एवढे जरी त्यांच्याकडून पद्धतशीर उतरवून घेतले, तरी मराठवाड्याच्या १९७० नंतरच्या सामाजिक इतिहासाचे एक अलिखित दप्तर हाती येईल. हे दप्तर कोणत्याही अभिलेखागारात नाही, आणि ते उतरवून घेण्यास अवधी थोडाच उरला आहे.